सप्टेंबर ते मार्च अमेरिकेत राहायचंय, तर आई-बाबांच्या बॅगेत कपडे किती आणि कुठले?

बॅग भरायला बसायच्या आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, सहा महिने राहायचंय म्हणून सहा महिन्यांचे कपडे लागत नाहीत, लागतात ते फक्त दोन धुण्यांच्या मधले. तिकडे घरात वॉशिंग मशीन आणि ड्रायर असतोच, नाहीतर बिल्डिंगमध्ये खाली सगळ्यांसाठी मशीनं असतात, आणि मुलं शनिवार-रविवारी आठवड्याचं धुणं एकदम काढतात. म्हणजे आठ-नऊ दिवस पुरतील एवढे कपडे असले की झालं, मग मुक्काम दीड महिन्याचा असो नाहीतर सहा महिन्यांचा. हे पटलं की निम्मी बॅग आपोआप रिकामी होते आणि तिथे चकली, मेतकूट, गोडा मसाला बसतो, जो मुलांना तुमच्या कपड्यांपेक्षा जास्त हवा असतो हे वेगळं सांगायला नको.

मी हिशेब न्यू जर्सीचा धरलाय, एडिसन वगैरे भागात आपली मंडळी भरपूर आहेत आणि सप्टेंबर ते मार्च हाच मुक्काम कपड्यांच्या दृष्टीने सगळ्यात चकवणारा. उतरता तेव्हा अर्ध्या बाह्यांवर फिरता येतं आणि परत निघेपर्यंत बर्फ पडून वितळलेला असतो. टेक्सास किंवा दक्षिण कॅलिफोर्नियाला जाणार असाल तर खालच्यातलं निम्मं सोडून द्या, आणि शिकागो, मिनेसोटाकडे असाल तर एक थर जास्त धरा, शिकागोत जानेवारी २०१९ मध्ये पारा उणे ३० पर्यंत गेला होता, तशा दिवसात काय घालायचं याचं उत्तर एकच, घराबाहेर पडायचं नाही.

आधी हवा समजून घ्या. सप्टेंबरमध्ये दिवसा २५ च्या आसपास असतं, म्हणजे आपल्याला अगदी छान. ऑक्टोबरमध्ये दिवसा १८-१९ आणि रात्री १० च्या खाली, पानांचे रंग बघायला सगळे गाडी काढून जातात ते याच महिन्याच्या उत्तरार्धात, आणि तेव्हा लोक फसतात, कारण ऊन लख्ख असतं आणि सावलीत गेलं की हुडहुडी. नोव्हेंबरमध्ये दिवसा १२-१३. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात आणि मग पाच वाजताच अंधार, म्हणून संध्याकाळचा फेरफटका दुपारी तीनला उरकायचा हे आत्ताच ठरवून ठेवा, निम्मे गरम कपडे वाचतात. डिसेंबर ते फेब्रुवारी दिवसा ४ ते ७ आणि रात्री शून्याच्या खाली. मार्चमध्ये दिवसा १० पर्यंत येतं पण मार्चवर विश्वास ठेवू नका, बर्फ तेव्हाही पडतो.

आणि हे सगळे आकडे तिकडे फॅरनहाइटमध्ये ऐकू येणार, जावई म्हणतो आज पन्नास आहे, छान हवा आहे, आणि बाबा शर्टावर निघतात. एवढं पाठ करा, ८६ म्हणजे ३०, ६८ म्हणजे २०, ५० म्हणजे १०, ३२ म्हणजे शून्य आणि १४ म्हणजे उणे १०. कपड्यांच्या भाषेत, ६८ ला पूर्ण बाह्यांचं काहीही चालतं, ५० ला आतून थर्मल आणि वर स्वेटर, ३२ ला सगळंच्या सगळं. दुसरं म्हणजे मोबाईलमध्ये हवामान बघताना नुसतं तापमान बघू नका, त्याच्या खाली 'फील्स लाइक' लिहिलेलं असतं ते बघा. शून्य अंश असताना ताशी ३० किलोमीटरचा वारा असेल तर अंगाला उणे सहा-सात लागतात. थंडी सोसवते हो, वारा नाही सोसवत.

आता खरी गोची. बाहेर शून्य असलं तरी घरात हीटिंग चालू असतं आणि आत २०-२१ अंश असतात, गाडीत तेवढंच, मॉलमध्ये तर त्याहून जास्त. म्हणजे जाड जाड लोकरी स्वेटर जे आपण कपाटातून काढून मोठ्या कौतुकाने भरतो ते घरात घालवत नाहीत, आणि बाहेर जाताना वर जॅकेट असतंच म्हणून त्यांची गरज पडत नाही. म्हणून एकच जाड कपडा नको, पातळ पातळ तीन थर करा. आत अंगासरशी थर्मल, मधे पातळ स्वेटर किंवा फ्लीस, म्हणजे मऊ, लवदार कापडाचं हलकं जॅकेट, आणि वर वारा अडवणारं जॅकेट. ऊब कापडात नसते, दोन कापडांच्या मधे अडकलेल्या हवेत असते, म्हणून दोन पातळ कपडे एका जाड कपड्याच्या वरचढ ठरतात. शिवाय दुकानात शिरलात की एक एक उतरवता येतं.

उतरवता येतं वरून आठवलं, मधला थर समोरून उघडणारा घ्या, चेन किंवा बटणं असलेला. डोक्यातून घालायचे स्वेटर तरुण पोरांना ठीक, आपल्याला त्यात चष्मा अडकतो, मंगळसूत्र अडकतं, अंबाडा सुटतो, आणि खांदा दुखत असेल तर हात वर करून ते काढणं म्हणजे व्यायामच. हातविणीचे स्वेटर असतील तर पुढून उघडणारा तेवढा एक न्या, बाकीचे राहू देत.

इथून काय न्यायचं आणि तिथे काय घ्यायचं, यावर घरात सगळ्यात जास्त वाद होतात. माझं मत सरळ आहे, आतला आणि मधला थर इथून, वरचा थर तिथे. थर्मल इथे स्वस्त मिळतात, आपल्या मापाचे मिळतात, थंडीत लुधियानाचा माल सगळीकडे येतो, पण गंमत अशी की सप्टेंबरात निघणार असाल तर ऑगस्टमध्ये दुकानात थर्मल नसतात. म्हणून आदल्या जानेवारी-फेब्रुवारीतच घेऊन ठेवा, नाहीतर ऑनलाइन मागवा. माणशी तीन जोड पुरे. एकदम जाडे घेऊ नका, पातळ घ्या, नेहमीच्या कपड्यांच्या आत बसले पाहिजेत. फ्लीसचे जॅकेट डेकॅथलॉनमध्ये बाराही महिने असतात, हलके, पटकन वाळणारे, माणशी दोन. एक पातळ पावसाळी जाकीट घ्या, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पाऊसही असतो आणि वारा अडवायला ते फ्लीसवर घातलं की नोव्हेंबर अर्धा निघतो.

पण ते मोठं जाडं जॅकेट मात्र इथून घेऊ नका. इथे जे मिळतं ते मनालीच्या चार दिवसांच्या ट्रिपच्या बेताचं असतं, वजन फार आणि ऊब कमी, आणि भावही काही कमी नसतो. तिथे पिसं भरलेली जॅकेटं वजनाला इतकी हलकी असतात की हातात घेतल्यावर खरं वाटत नाही. न्यू जर्सीत कपड्यांवर आणि चपला-बुटांवर सेल्स टॅक्स लागत नाही, तेवढाच फायदा. मार्शल्स, बर्लिंग्टन, कॉस्टको या दुकानांत बरे भाव असतात. नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग आणि दुसऱ्या दिवशी ब्लॅक फ्रायडेचा सेल, पण त्या गर्दीत शिरायची गरज नाही, आजूबाजूचे पंधरा दिवस ऑनलाइन भाव उतरलेलेच असतात. तोवर थांबायला हरकत नाही कारण तोवर फ्लीस आणि जाकीट पुरतं. फक्त फेब्रुवारीपर्यंत थांबू नका, तेव्हा भाव पडलेले असतात पण तुमच्या मापाचं उरलेलं नसतं आणि तुम्ही परत निघालेले असता.

आणि हेही घ्यायच्या आधी लेकीला किंवा सुनेला व्हिडिओ कॉलवर सांगा, कपाट उघडून दाखव बघू. प्रत्येक घरात दोन-तीन जुनी जॅकेटं पडून असतात, जावयाचं जुनं जॅकेट सासऱ्यांना बरोब्बर बसतं, आणि त्यात कुणाला कमीपणा वाटायचं कारण नाही. जॅकेट थोडं ढगळच हवं, आत दोन थर जायचेत. लांबी मांडीपर्यंत हवी, कमरेपाशी संपणारी फॅशनची जॅकेटं बस स्टॉपवर उभं राहिल्यावर कळतात. साडी नेसणाऱ्यांनी गुडघ्यापर्यंतचा कोट बघावा.

बुटांचंही तसंच. इथून रोज चालायचे स्पोर्ट्स शूज एक जोड आणि घरात घालायच्या सपाता एक जोड, बस. बर्फाचे बूट तिथे घ्या, तळाला खोल खाचा असलेले आणि पाणी न शिरणारे. बर्फ पडला की रस्त्यावर मीठ टाकतात, त्याने चामड्याचे बूट पांढरे पडून तडकतात, म्हणून कोल्हापुरी आणि चांगले लेदरचे बूट घरीच. नंबर वेगळे असतात हे लक्षात ठेवा, आपल्याकडे ब्रिटिश नंबर चालतात, अमेरिकन नंबर पुरुषांच्या बुटात साधारण एकाने आणि बायकांच्या बुटात दोनाने जास्त येतो. जाड मोजे घालूनच माप बघायचं. मोजे इथूनच न्या, अंगठा वेगळा असलेले दोन-तीन जोड नक्की, घरात सपाता घालता येतात. घरात लाकडी फ्लोअर असेल तर नुसत्या मोज्यांवर चालू नका, सटकायला होतं. तळव्याला रबराचे ठिपके असलेले मोजे मिळतात ते घ्या.

बायकांच्या बॅगेबद्दल थोडं सविस्तर, कारण खरा पसारा तिथेच असतो. रोज साडीच नेसणाऱ्या काकूंनाही मी सांगते की चार पंजाबी ड्रेस शिवून घ्या, हट्ट म्हणून नाही, गाडीत चढता-उतरता आणि बर्फाच्या कडेने चालताना निऱ्या ओल्या होतात म्हणून. नाहीच पटलं तर नेहमीच्या परकराऐवजी थोडा आखूड परकर आणि त्याच्या आत थर्मलची किंवा लोकरी लेगिंग, ऊबही येते आणि पायात घोळतही नाही. सिंथेटिक साड्या हिवाळ्यात टाळा, घरातली हवा कोरडी, खाली गालिचा, त्यावर साडी घासली की दाराच्या मुठीला हात लावताच चटकन शॉक बसतो आणि साडी पायाला चिकटून बसते ती वेगळीच. अंगाशी सुती काहीतरी असलं की त्रास कमी होतो.

रोजचे म्हणून पाच-सहा कुर्ते किंवा ड्रेस, त्यातले चार पूर्ण बाह्यांचे. खालच्या सलवारी-पँट काळ्या, मरून, निळ्या अशा की कशावरही जातील. गाऊन तीन, एक शाल जी विमानात, देवळात, सोफ्यावर सगळीकडे चालते. समारंभाच्या साड्या तीन पुरे. गणपती त्या वर्षी लवकर असले तर ते इथेच झालेले असतील, पण नवरात्र, दिवाळी आणि महाराष्ट्र मंडळाचा कार्यक्रम आहेच, आणि तिथे एकदा नेसलेली साडी दुसऱ्यांदा नेसली म्हणून कुणी बघत नाही. तीनातली एक काळी किंवा काळ्या काठांची घ्या, १४ नाहीतर १५ जानेवारीला संक्रांत आहे आणि हळदीकुंकू तिथेही होतं, काळ्या साडीवाचून ऐनवेळी फजिती होते. ब्लाउज पूर्ण नाहीतर पाऊण बाह्यांचे शिवा आणि शिंप्याला शिवणीत थोडी माया जास्त ठेवायला सांगा, आत पातळ थर्मल गेला पाहिजे. थर्मलचा गळा ब्लाउजच्या गळ्यापेक्षा मोठा बघून घ्या, नाहीतर पैठणीच्या वर करड्या बनियनची किनार दिसते. भारी सिल्क नको, तिकडे ड्रायक्लीनिंग महाग.

पुरुषांचं खरं तर सोपं पण तेच ऐकत नाहीत. चार फुल शर्ट, तीन टीशर्ट, तीन पँट, दोन लेंगे किंवा ट्रॅक पँट, एक झब्बा. पँट कमरेला थोडी सैल हवी, आत थर्मल जायचाय आणि सहा महिन्यांत चीज-पिझ्झा आत जातो तोही कुठेतरी दिसणारच. ज्यांना सुती बनियन घालून चालायला जायची सवय आहे त्यांच्यासाठी, सुती कपडा घाम शोषून तसाच ओला राहतो आणि थांबलं की तोच गार पडतो, म्हणून हिवाळ्यात चालायला जाताना बनियन काढून त्या जागी थर्मल. आणि कानटोपी न्या. मुलं हसतील, हसू देत, माकडटोपी कान, गळा आणि हनुवटी एका झटक्यात झाकते, तिकडच्या लोकरी टोप्या वाऱ्यात कपाळावर सरकतात. हातमोजे मात्र तिथलेच, बोटांनी मोबाईल चालेल असे.

लेकीच्या बाळंतपणाला जाणाऱ्यांनी बाळाचे विकतचे कपडे नेऊ नयेत, तिथे ढिगाने भेट येतात. न्यायचं ते जुन्या मऊ सुती साड्यांची दुपटी, झबली आणि टोपडी, ही तिथे मिळत नाहीत. नव्या कापडाची शिवली असतील तर इथे दोनदा धुवून न्या.

धुण्याचा विषय निघालाच आहे तर, तिकडच्या ड्रायरमध्ये सुती कपडा आकसतो. खादी, हातमाग, जरीचं काही ड्रायरमध्ये टाकायचं नाही, घडीच्या स्टँडवर घरातच वाळवायचं, हिवाळ्यात हवा इतकी कोरडी असते की रात्रभरात वाळतं. बाल्कनीत किंवा अंगणात दोरी बांधायला बऱ्याच सोसायट्यांमध्ये परवानगी नसते, विचारल्याशिवाय बांधू नका. रंग जाणारे कपडे, विशेषतः नवे लाल आणि इंडिगो, इथे दोन-तीन पाण्यातून काढा, जावयाचा पांढरा शर्ट गुलाबी झाला तर कोणी बोलून दाखवत नाही पण लक्षात राहतं. नाडी, नाडी घालायची पट्टी, सुई-दोरा, हुक, सेफ्टी पिना आणि थोडं इलॅस्टिक एका डबीत भरून न्या. शिंपी कोपऱ्यावर नसतो आणि पँट आखूड करायचे पैसे ऐकून पँटच नको वाटते.

बॅग भरताना दोघांचे कपडे दोन्ही बॅगांत वाटून घाला, एक तुमची आणि एक ह्यांची असं करू नका, कारण एखादी बॅग मागे राहिली तर एका माणसाकडे काहीच नसतं. अमेरिकेच्या प्रवासात बऱ्याच कंपन्या २३ किलोच्या दोन बॅगा देतात पण सगळ्याच नाही, तिकिटावर काय लिहिलंय ते वाचा आणि लटकवायच्या काट्याने घरीच वजन करा, एअरपोर्टवर सगळ्यांसमोर बॅग उघडून लाडवांचा डबा बाहेर काढण्यात काही मजा नाही. हवा काढून चपट्या होणाऱ्या पिशव्यांबद्दल सगळे विचारतात, त्याने जागा वाचते, वजन तेवढंच राहतं, उलट जागा झाली म्हणून माणूस आणखी भरतो आणि बॅग जड होते. हिवाळ्याचे कपडे तळाला, सप्टेंबरचे वर. कपाटातून काढलेल्या लोकरी कपड्यांना डांबरगोळीचा वास असतो, भरायच्या आधी दोन दिवस उन्हात टाका. खोबरेल तेलाची बाटली साड्यांच्या बॅगेत नको, दुहेरी पिशवीत बांधून दुसऱ्या बॅगेत. इथली इस्त्री आणि गरम पाण्याची पिशवी विजेवरची असेल तर नेऊ नका, तिकडे ११०-१२० व्होल्ट असतात, तापत नाही नीट.

हातातल्या बॅगेत औषधं, कागदपत्रं, एक पूर्ण जोड कपडे, मोजे, शाल. मुंबईहून न्यू जर्सीतल्या नेवार्क विमानतळावर थेट गेलात तरी पंधरा तासांच्या वर प्रवास आहे आणि विमानात गार असतं, म्हणून फ्लीस अंगावर आणि स्पोर्ट्स शूज पायात, तेवढंच बॅगेतलं वजन कमी. खिसे असलेला ड्रेस घाला, बोर्डिंग पास आणि चष्मा शोधत पर्स उपसायला नको. पाय सुजणाऱ्यांनी घट्ट मोज्यांबद्दल डॉक्टरांना विचारून घ्यावं.

तिथे गेल्यावरची एक गोष्ट मुलं सांगत नाहीत ती मी सांगते. हिवाळ्यात खिडक्या बंद असतात, आपण फोडणी घातली की वास घरभर फिरतो आणि स्वयंपाकघराजवळच्या कपाटात टांगलेल्या जॅकेटांत जाऊन बसतो. आपल्या नाकाला कळत नाही, लिफ्टमधल्या शेजाऱ्याला कळतं. म्हणून जॅकेटं बेडरूमच्या कपाटात, दार लावून, आणि फोडणीच्या वेळी चिमणीचा पंखा चालू.

उलटा मुक्काम असेल, मार्चला जाऊन सप्टेंबरात परत, तर काम सोपं आहे. उतरताना थंडी, पण एप्रिलच्या शेवटापर्यंत फ्लीस आणि मुलांचं उसनं जॅकेट पुरतं, मोठं काही विकत घेऊच नका, आणि जून ते ऑगस्ट ३० च्या घरात घामट हवा असते तेव्हा आपले सुती कपडेच कामाला येतात. तेव्हा थर्मल एक जोड आणि सुती कपडे जास्त, एवढाच फरक.

परत येताना जॅकेट आणि बूट तिथेच ठेवा. दोन्ही धुवून-पुसून, पूर्ण वाळवून एका पिशवीत घालून वर नाव लिहा आणि बेसमेंटमध्ये ठेवायला सांगा, पुढच्या वेळी लागतील, नाहीतर व्याह्यांना लागतील. थर्मलही तिथेच. मार्चमध्ये नेवार्कहून निघताना ५ अंश आणि मुंबईला उतरताना तिशीच्या वर असतं, तेव्हा आत सुती कुर्ता, वर फ्लीस आणि एअरपोर्टपर्यंत जुनं जॅकेट, ते सोडायला आलेल्या मुलाच्या हातात देऊन आत शिरा.